पीपीओवरची एक ओळ: एका वीरपत्नीच्या पेन्शनचं प्रकरण

नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. फौजेत मी चोवीस वर्षं क्लार्क होतो, हवालदार म्हणून घरी आलो. तेव्हापासून दर नोव्हेंबरात तालुक्याच्या गावी बँकेसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून लोकांचे फॉर्म भरून देतो. बहुतेक कामं पाच मिनिटांची असतात. हे काम सव्वाचार वर्षं चाललं, आणि त्याचं एक शेपूट अजून बाकी आहे. ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांच्या परवानगीनं लिहितोय. नाव, गाव, पलटण सगळं गाळलं आहे. रकमा हिशेबाला सोप्या पडाव्यात म्हणून पूर्णांकात घेतल्या आहेत. मी त्यांना वहिनी म्हणतो, इथंही तेच म्हणेन.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा. पश्चिमेकडच्या अपशिंगे मिलिटरीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण आमच्याकडच्या वाड्या-वस्त्यांवरही घरटी एक फौजी सापडेल. दीड एकर जिरायतीवर दोन भावांचं भागत नाही, मग एक भाऊ भरतीला जातो. वहिनींचे यजमान असेच गेले. अकरा वर्षांची नोकरी झाली होती, नायक होते. जानेवारी २०१० मध्ये उत्तर काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेजवळच्या एका चौकीवर त्यांचा मृत्यू झाला. चौकी सुमारे तेरा हजार फुटांवर.

सुटीवरून परतून त्यांना तीन आठवडे झाले होते. उंचीवर जाण्याआधी शरीर सवयीला यावं म्हणून खाली टप्प्याटप्प्यानं थांबवतात, पहिला टप्पा सहा दिवसांचा, पुढचा चार दिवसांचा. ते रीतसर झालं होतं. दोन दिवस गस्तीवर होते, परत आल्यावर खोकला लागला, रात्री श्वास घेता येईना. फुप्फुसात पाणी भरलं. डॉक्टरी भाषेत ते ‘हाय अल्टिट्यूड पल्मनरी एडिमा’, जवानांच्या तोंडी ‘हापो’. ऑक्सिजन लावायचा आणि माणसाला लवकरात लवकर खाली आणायचं, हाच त्याचा खरा इलाज. हवा बिघडलेली होती, हेलिकॉप्टर आलं नाही. खांद्यावरून खाली आणताना वाटेतच गेले.

वहिनी तेव्हा सत्तावीस वर्षांच्या. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दोनचा. गावानं अंत्ययात्रा काढली, ट्रॉली फुलांनी सजवली, शाळेला सुट्टी दिली. चौकाला त्यांचं नाव दिलं. पुढं दर २६ जानेवारीला आणि १ मेला वहिनींना बोलावणं, शाल-श्रीफळ. त्या शाली घडीसुद्धा न मोडता यजमानांच्या काळ्या ट्रंकेत ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. मी पाहिल्या तेव्हा पंधरा शाली होत्या.

अडचण कुठं होती

नोव्हेंबर २०१७ मध्ये वहिनी माझ्याकडे आल्या त्या भलत्याच कामासाठी. आधारवर नाव एका वेलांटीनं वेगळं, बँकवाले दाखला घेईनात. मी म्हटलं, फौजेच्या कागदात नाव कसं आहे ते बघू, पीपीओ आणा. दुसऱ्या दिवशी साडीच्या दुकानाच्या पिशवीतून त्यांनी गठ्ठा आणला. पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, तेव्हाच्या अलाहाबादहून आलेला. नाव बघायला म्हणून घडी उलगडली आणि नजर दुसऱ्याच ओळीवर गेली. पेन्शनचा प्रकार: स्पेशल फॅमिली पेन्शन.

मी विचारलं, “वहिनी, यजमान बॅटल कॅज्युल्टी होते ना?”

“गावात बोर्ड लागलाय की दादा, शहीद म्हणून.”

बोर्ड ग्रामपंचायतीचा असतो. पेन्शन रेकॉर्ड ऑफिसच्या, म्हणजे जवानांच्या नोकरीचे कागद सांभाळणाऱ्या लष्करी कार्यालयाच्या, कागदावर चालते. त्या कागदावर हा मृत्यू ‘बॅटल’, म्हणजे लढाई-मोहिमेतला नव्हे, तर ‘फिजिकल कॅज्युल्टी’, म्हणजे आजार-अपघाताचा, म्हणून नोंदवलेला होता.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं थांबतो, कारण सगळं प्रकरण इथंच आहे. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रानं सैनिकाच्या मृत्यूचे पाच वर्ग केले, ए ते ई. ए म्हणजे नोकरीशी संबंध नसलेला नैसर्गिक मृत्यू. त्याला साधी कुटुंब पेन्शन, शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. बी म्हणजे नोकरीमुळे जडलेला किंवा वाढलेला आजार, सी म्हणजे ड्युटीवरचा अपघात. या दोन्हींना स्पेशल फॅमिली पेन्शन, ६० टक्के. डी म्हणजे अतिरेकी, समाजकंटक वगैरेंच्या हिंसाचारात आलेला मृत्यू. ई म्हणजे शत्रूची कारवाई, सीमेवरच्या चकमकी, युद्धासारखी परिस्थिती आणि सरकारनं खास जाहीर केलेल्या मोहिमा. डी आणि ई यांना लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटचा पगार पूर्णच्या पूर्ण, १०० टक्के.

वहिनींच्या यजमानांचा हिशेबात धरायचा पगार १२,५०० रुपये. मिळत होते त्याचे ६० टक्के, ७,५००. सातव्या वेतन आयोगात २.५७ नं गुणून ते १९,२७५ झाले. वर्ग ई असता तर ते ३२,१२५ झाले असते. महिन्याला १२,८५० चा फरक, वर महागाई भत्ता वेगळा. मुलगी तेव्हा बारा-तेरा वर्षांची, तिच्या शिकवणीची फी भरायला वहिनी लोकांच्या शेतात खुरपायला जात होत्या.

बर्फ एकच, खाने दोन

आता गंमत बघा. बी वर्गाच्या व्याख्येतच लिहिलंय की अतिविषम हवामानात सतत राहिल्यामुळे जडलेला आजार त्यात येतो. म्हणजे नुसतं ‘बर्फामुळे गेले’ म्हणून भागत नाही. बर्फामुळे गेलेला माणूस बी मध्येही बसतो आणि ई मध्येही. तो बर्फात कशासाठी होता, यावर सगळं ठरतं. शांत ठाण्यावर, सरावात असेल तर बी. नियंत्रण रेषेवर जाहीर मोहिमेत, गस्तीवर असेल तर ई चा दावा उभा राहतो. कॅज्युल्टी कोणती धरायची याचा लष्कराचा स्वतःचा आदेश आहे, सैन्यादेश १/२००३. नियंत्रण रेषेवर कामगिरीवर असताना हवामानामुळे झालेल्या आजारानं आलेला मृत्यू त्यात बॅटल कॅज्युल्टीत धरलेला आहे.

मग हा मृत्यू फिजिकल कसा झाला? पलटणीनं की वरच्या कुणी? पहिल्या दिवशी काय लिहिलं होतं आणि नंतर काय? पीपीओवरून हे कळत नाही. पीपीओ फक्त निकाल सांगतो.

मधली सात वर्षं

सात वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. पहिलं म्हणजे पेन्शन चालू होती. चालू पेन्शनीचा कागद कोण वाचतो? बंद पडली तर माणूस धावतो. दुसरं, घरात तेव्हा वेगळंच चाललं होतं.

केंद्राचं सानुग्रह अनुदान आलं, १५ लाख. त्यातून सासऱ्यांचं कर्ज फिटलं, घरावर स्लॅब पडला, बोअर मारली, पाणी लागलं नाही. उरलेलं मुलांच्या नावावर. मग वर्षश्राद्ध झाल्यावर दिराशी लग्न करण्याचा विषय निघाला. दीर वहिनींपेक्षा चार वर्षांनी लहान, त्याच्याही मनात नव्हतं. पण गावात एक समजूत पक्की आहे: दिराशी केलं तर पेन्शन राहते, बाहेर केलं तर जाते. नियमांच्या जुन्या धाटणीतून आलेली ही समजूत आहे. शौर्यपदकाबरोबर मिळणाऱ्या भत्त्याला तर दिराशीच लग्न करण्याची अट नोव्हेंबर २०१७ पर्यंत खरोखर होती, तेव्हा ती काढली. पण २००१ च्या पत्राप्रमाणे विधवेनं कुणाशीही पुनर्विवाह केला आणि मुलांचा सांभाळ चालू ठेवला, तर तिची पेन्शन पूर्ण चालू राहते. हे वहिनींना कुणी सांगितलं नाही. त्यांनी लग्नाला नकार दिला तो त्यांच्या मनानं, आणि ‘पेन्शनवर डोळा’ वगैरे सगळं ऐकून घेतलं. सासूबाईंना दरमहा दोन हजार द्यायचं ठरलं तेव्हा कुठं घर शांत झालं. या सगळ्यात पिशवीतला कागद पिशवीतच राहिला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, काहीच न करणं. हसू नका. सासऱ्यांचं हेच म्हणणं होतं: सरकारशी भांडायला गेलात आणि आहे तीही पेन्शन अडकली तर? त्यांची भीती अडाणीपणाची नव्हती. फाइल उघडली की नावातली ती वेलांटीही वर येणार होती.

दुसरा, आमदारसाहेबांना निवेदन. दीर त्यासाठी तयार होता. निवेदनाची फोटोकॉपी पेपरात येते, रेकॉर्ड ऑफिसला एक शिफारसपत्र जातं, तिथून ‘नियमाप्रमाणे’ उत्तर येतं. अशी उत्तरं मी स्वतः टाइप केलेली आहेत.

तिसरा, पेन्शन अदालत. संरक्षण लेखा विभाग या अदालती भरवतो आणि चुकीचा हिशेब, थकलेली महागाई, बँकेचा घोळ यासाठी त्या खरंच उपयोगी आहेत. पण इथं बँक चुकलेली नव्हती. कागदावर होतं तेवढंच ती देत होती. वर्ग बदलणं अदालतीच्या हातात नसतं.

चौथा, रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज, आणि पाचवा, सशस्त्र सेना न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्यानं हे न्यायाधिकरण झालं, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. पण तिथं जाण्याआधी खात्याकडे दाद मागावी लागते, नकार यावा लागतो किंवा सहा महिने उलटावे लागतात. म्हणजे चौथा केल्याशिवाय पाचवा नाही.

चौथ्या-पाचव्यावर एकमत झालं ते सासूबाईंमुळे. इतका वेळ चुलीपाशी बसलेल्या त्या म्हणाल्या, “माझं पोरगं आजारी पडून मेलं असं लिवलंय व्हय त्यात?” पैशाचा विषय बाजूला पडला तो तिथं.

काय केलं

आधी कागद. लष्कराला माहितीचा अधिकार लागू आहे, हे पुष्कळ माजी सैनिकांनाही माहीत नसतं. डिसेंबर २०१७ मध्ये दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून वहिनींच्या सहीनं अर्ज पाठवला. मागणी मोघम ठेवली नाही. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं लिहिलं की ‘माहिती विस्तृत आहे’ असं उत्तर येतं. चारच गोष्टी मागितल्या: मृत्यूचा पहिला सिग्नल (तातडीचा लष्करी संदेश), कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा, म्हणजे लष्करी चौकशीचा, निष्कर्ष आणि त्यावरचं कमांडिंग ऑफिसरचं मत, वर्ग ठरवणारं पत्र, आणि सानुग्रह अनुदानाची मंजुरी.

चौथी मागणी मी सवयीनं घातली होती. पुढं तीच सर्वांत जास्त कामी आली.

फेब्रुवारीत कागद आले. पहिल्या सिग्नलमध्ये लिहिलं होतं: बॅटल कॅज्युल्टी. चौकशीचा निष्कर्ष: जवान मोहिमेत तैनात होता, दोन दिवसांच्या गस्तीवरून परतला होता, मृत्यू लष्करी सेवेमुळे. कमांडिंग ऑफिसरची सहमती. मग तीन महिन्यांनंतरचं वरून आलेलं एक पत्र, चार ओळींचं: मृत्यूचं कारण आजार असल्यानं प्रकरण फिजिकल कॅज्युल्टी धरावं. ‘आजार’ या एका शब्दावर ६० टक्के.

आणि सानुग्रह अनुदानाची मंजुरी. त्या वेळच्या दरांत ड्युटीवरच्या अपघाताला १० लाख होते. अतिउंचावरच्या, दुर्गम सीमाचौकीवर नैसर्गिक आपत्तीनं किंवा अतिविषम हवामानानं मृत्यू आला तर १५ लाख. वहिनींना १५ लाख मिळाले होते. म्हणजे एका टेबलावर सरकारनंच मान्य केलं होतं की हा माणूस सीमेवरच्या चौकीवर हवामानानं गेला, आणि दुसऱ्या टेबलावर तोच माणूस नुसता आजारी पडला होता. हा कागद हातात घेऊन मी वहिनींच्या ओसरीवर बराच वेळ बसलो. सात वर्षं तो बँकेच्या पासबुकात एका आकड्याच्या रूपानं होताच की.

एप्रिल २०१८ अखेरीस रेकॉर्ड ऑफिसला अर्ज गेला. ऑगस्टमध्ये नकार आला. प्रकरण सक्षम अधिकाऱ्यानं निकाली काढलेलं असून अंतिम आहे, एवढंच. इन्क्वायरीबद्दल, पहिल्या सिग्नलबद्दल अवाक्षर नाही.

इथं मी चुकलो. त्याबद्दल शेवटी लिहितो. सप्टेंबरमध्ये मी पुनर्विचाराचा दुसरा अर्ज लिहिला आणि उत्तराची वाट बघत बसलो. उत्तर आलं नाही. शेवटी लष्कराच्या कायदा शाखेतून निवृत्त झालेल्या एका वकिलांना पुण्यात जाऊन भेटलो. त्यांनी कागद चाळले आणि पहिला प्रश्न केला, “नकार ऑगस्टचा आहे. मग तुम्ही मार्चपर्यंत काय करत होता?” मार्च २०१९ मध्ये मुंबई खंडपीठात अर्ज दाखल झाला. फी दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता निकालानंतर.

नाव दुरुस्तीचं काम त्याच वेळी स्वतंत्र चालवलं. प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, आणि पलटणीत लग्नाची नोंद झालेली पार्ट टू ऑर्डर. ते चार महिन्यांत संपलं. सासऱ्यांची भीती खोटी ठरली. दोन्ही कामं एका अर्जात घातली असती तर कदाचित खरी ठरली असती.

न्यायाधिकरणात

मी तीन तारखांना हजर होतो. खंडपीठावर एक न्यायिक सदस्य आणि एक निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारी असतात, त्यामुळे ‘हापो’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. सरकारी बाजूचं म्हणणं दोन मुद्द्यांचं. एक, गोळीबार नाही, शत्रू नाही, आजार आहे, म्हणून बी वर्ग. दोन, मृत्यू २०१० चा, अर्ज २०१९ चा, मुदत उलटली.

मुदतीच्या मुद्द्यावर उत्तर ठरलेलं आहे. पेन्शन दर महिन्याला मिळते, त्यामुळे चुकीची पेन्शन म्हणजे दर महिन्याला नव्यानं होणारी चूक. दावा त्यामुळे मरत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालानं त्याला एक कात्री लावली आहे: उशीर झाला असेल तर थकबाकी अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच. हे वाक्य वहिनींना मी टपरीवर तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “म्हंजे आधीचं गेलं.”

वर्गाच्या मुद्द्यावर आमच्या वकिलांनी युक्तिवाद फारसा केलाच नाही. तीन कागद एकापाठोपाठ एक ठेवले: पहिला सिग्नल, इन्क्वायरीचा निष्कर्ष, १५ लाखांची मंजुरी. मग विचारलं की, वर्ग बदलणाऱ्या त्या चार ओळींच्या पत्रात या तिन्हींपैकी कशाचा उल्लेख आहे? नव्हता. मग करोना आला आणि तारखा लांबल्या.

निकाल

ऑगस्ट २०२१ मध्ये आदेश झाला. मृत्यू ई वर्गात, लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन मंजूर, थकबाकी मार्च २०१६ पासून, वेळेत न दिल्यास व्याज. सरकार पुढं अपिलात गेलं नाही. दुरुस्तीचा पीपीओ जानेवारी २०२२ मध्ये आला आणि साधारण दहा लाख रुपये थकबाकी फेब्रुवारीत जमा झाली. वन रँक वन पेन्शनचा फरक यात धरलेला नाही, तो हिशेब वेगळा आणि डोकेदुखीचा आहे. मुलगी आता नर्सिंगला आहे.

गेलेल्या पैशाचाही आकडा सांगतो. फेब्रुवारी २०१० ते फेब्रुवारी २०१६ हा काळ कात्रीत गेला. महिना ५,००० चा फरक, त्यावर सुरुवातीला ३५ टक्के आणि शेवटी ११९ टक्के महागाई. शेवटचे दोन महिने सातव्या आयोगाच्या दरानं. सगळं मिळून साडेसहा लाखांच्या आसपास.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात असंच एक प्रकरण निकाली निघालं. नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर असताना अतिविषम हवामानात हृदय बंद पडून गेलेला नायक, आधी बॅटल आणि मग फिजिकल केलेला. न्यायालयानं त्याच्या पत्नीची लिबरलाइज्ड पेन्शन कायम केली, आणि एका सैनिकाच्या विधवेला इथपर्यंत ओढल्याबद्दल सरकारला पन्नास हजारांचा खर्च भरायला लावला. बातमी मी वहिनींना वाचून दाखवली. तो निकाल आधी असता तर आमच्या तारखा कमी झाल्या असत्या, एवढं नक्की.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक २०१० मधली. पीपीओ आला त्या दिवशी तो कुणीतरी वाचायला हवा होता. अंत्यविधीला सैनिकी अधिकारी येतात, गावातले माजी सैनिक सलामी देतात, मग तेराव्यानंतर कुणी फिरकत नाही. पीपीओ येतो तो त्यानंतर तीन-चार महिन्यांनी. मी स्वतः त्या अंत्ययात्रेत होतो, गणवेश घालून, मेडल लावून. वहिनींचं घर माझ्या घरापासून नऊ किलोमीटर. आता मी आमच्या माजी सैनिकांच्या गटाला एवढंच सांगतो की, मृत्यूनंतर सहाव्या महिन्यात घरी जा, चहा घ्या, पीपीओ मागा, आणि ‘टाइप ऑफ पेन्शन’ ही ओळ बघा. स्पेशल असेल तर विचारा का. आजकाल ‘स्पर्श’ या पेन्शनच्या पोर्टलवर ऑनलाइन दिसतं, पण पासवर्ड बहुतेक घरात दिराच्या किंवा पुतण्याच्या मोबाइलमध्ये असतो.

दुसरी चूक माझी. ऑगस्ट २०१८ मध्ये नकार आला तेव्हाच न्यायाधिकरणाचं दार उघडलं होतं. मी सात महिने दुसऱ्या अर्जात घालवले. कारण विचाराल तर सांगताना लाज वाटते: आपल्याच खात्याविरुद्ध कोर्टात जायचं माझ्या जिवावर आलं होतं. रेकॉर्ड ऑफिसात बसून मी आयुष्य काढलं, नीट लिहिलं की तिथला माणूस नीट वाचतो असं मला वाटत होतं. थकबाकी दाखल तारखेपासून मागं मोजतात. म्हणजे मी घालवलेला प्रत्येक महिना वहिनींच्या मागच्या टोकाचा एक महिना खात होता. ऑगस्ट २०१५ ते फेब्रुवारी २०१६, ऐंशी हजार रुपये. निकालानंतर मी त्यांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी कागद घडी करून त्याच साडीच्या पिशवीत ठेवला, आणि विचारलं, “दादा, च्या ठेवू का?”

तिसरी गोष्ट चूक म्हणता येणार नाही, पण विचार करण्यासारखी आहे. आम्ही न्यायाधिकरणाकडे पेन्शन मागितली. पेन्शन मिळाली. मृत्यूची नोंदच बॅटल कॅज्युल्टी करून तसं प्रमाणपत्र द्यावं, अशी वेगळी मागणी अर्जात नव्हती. वकिलांना ती ओघानं येईल असं वाटलं, मला ती सुचली नाही. आता राज्य शासनाच्या मदतीसाठी वहिनींनी अर्ज केला, तर जिल्ह्याच्या कार्यालयानं बॅटल कॅज्युल्टी प्रमाणपत्र मागितलं. रेकॉर्ड ऑफिसचं म्हणणं, आदेश पेन्शनपुरता आहे, त्याची अंमलबजावणी झालेली आहे. आदेशात ई वर्ग असं स्पष्ट लिहिलेलं असताना हे उत्तर आलं. त्यावर एक स्मरणपत्र दिलं आहे. या वेळी सहा महिने मोजतोय, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवली आहे. त्या दिवशी उत्तर नसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पुण्याला वकिलांकडे.